मेंदूत पाणी साचते तेव्हा...

सत्तरीच्या आसपास पोहोचलेल्या माणसाची चाल मंदावते. पाऊल उचलताना तळवा जमिनीला चिकटून बसल्यासारखा वाटतो, वळताना तोल जातो. काही महिन्यांत लघवीवरचा ताबा सुटू लागतो आणि विचार करण्यात, उत्तर देण्यात शैथिल्य येते. घरातील मंडळी ‘आता वय झाले’ असे म्हणून स्वतःची समजूत घालतात. कधी पार्किन्सनची, तर कधी स्मृतिभ्रंशाची औषधे सुरू होतात आणि त्यांचा गुण येत नाही. या तीन तक्रारी एकत्र दिसत असतील तर त्यामागे मेंदूत साचलेले पाणी असू शकते, आणि त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मेंदूत पाणी साचण्याच्या या विकाराला वैद्यकशास्त्रात हायड्रोसेफॅलस, तर मराठीत जलशीर्ष म्हणतात. हे नाव ऐकताच मोठ्या डोक्याचे तान्हे मूल डोळ्यांपुढे येते. तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने आतील दाबामुळे डोके वाढत जाते आणि टाळू फुगते. मोठ्या माणसाची कवटी पक्की असते. तिथे डोके वाढत नाही, तर सारा ताण मेंदूवर येतो. प्रौढांमध्ये हा विकार बहुधा मेंदूच्या दुसऱ्या एखाद्या आजाराच्या मागोमाग येतो. त्यामुळे पाणी दिसले तरी ते का साचले, हा प्रश्न उरतोच.

हे पाणी बाहेरून आलेले नसते. मेंदूच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या असतात. त्यांत दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर स्वच्छ द्रव तयार होतो. हा द्रव पोकळ्यांतून अरुंद वाटांनी बाहेर पडतो, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. कोणत्याही क्षणी शरीरात तो सुमारे १५० मिलिलिटर इतकाच असतो. म्हणजे दिवसातून तीनदा तरी तो पूर्ण बदलला जातो. नळ चोवीस तास चालू आणि मोरीचे तोंड बुजलेले, अशा घरात जे होईल तेच वाट अडली की मेंदूत होते.

ही अडचण दोन ठिकाणी येते. पहिली वाटेत. गाठ वाढून पोकळीचे तोंड दाबले जाते, जन्मतःच एखादी वाट अरुंद असते किंवा पोर्क टेपवर्म या जंताच्या अळ्यांची पुटी मार्गात अडकते. दुसरी शोषणाच्या जागी. मेंदूभोवती झालेला रक्तस्राव, डोक्याला बसलेला जबर मार किंवा मेंदूच्या आवरणांचा दाह यानंतर द्रव शोषला जाण्याची क्रिया मंदावते. रक्तस्रावातून वाचलेला रुग्ण सुधारत असताना काही आठवड्यांनी पुन्हा सुस्त होऊ लागला, तर पाणी साचल्याची शंका घ्यावी लागते.

भारतात या यादीत मेंदूच्या आवरणांच्या क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो. या रोगात मेंदूच्या तळाशी चिकट स्राव जमतो आणि द्रवाच्या वाटा बुजतात. आरंभीची लक्षणे अगदी फसवी असतात. बारीक ताप, सकाळी वाढणारी डोकेदुखी, उलट्या. आपल्याकडे अशा डोकेदुखीला आणि उलट्यांना हमखास ‘पित्त’ ठरवले जाते आणि त्यात मौल्यवान आठवडे निघून जातात. पुढे गुंगी येते, एक वस्तू दोन दिसू लागते, शुद्ध हरपते.

या विलंबाची किंमत किती मोठी असते, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शल्यचिकित्सकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. क्षयरोगामुळे मेंदूत पाणी साचलेल्या ११४ रुग्णांची त्यांनी शुद्धीच्या अवस्थेनुसार चार श्रेणींत विभागणी केली. शस्त्रक्रियेच्या वेळी पूर्ण शुद्धीत असलेल्या पहिल्या श्रेणीत दीर्घकालीन मृत्यूंचे प्रमाण २० टक्के होते. खोल बेशुद्धीतील चौथ्या श्रेणीचा एकही रुग्ण वाचला नाही. ही ‘वेल्लोर श्रेणी’ आजही वापरली जाते. अर्थात पाणी काढले म्हणजे क्षयरोग बरा झाला असे नव्हे. त्याची औषधे किमान नऊ महिने ते वर्षभर घ्यावीच लागतात.

निदानासाठी सीटी स्कॅन किंवा एमआरआय पुरेसा वाटतो, पण तिथेही एक मेख आहे. वयानुसार मेंदू आक्रसतो तेव्हाही पोकळ्या मोठ्या दिसतात. तिथे पाण्याचा दोष नसतो. ते फक्त रिकामी जागा भरत असते. म्हणूनच केवळ अहवालातील एका ओळीवर शस्त्रक्रिया ठरत नाही. चित्र आणि रुग्ण यांचा मेळ बसावा लागतो.

उपचारात औषधांचा वाटा मर्यादित आहे. द्रवाची निर्मिती कमी करणाऱ्या गोळ्या फार तर काही काळ आधार देतात. मुख्य उपाय म्हणजे ‘शंट’. मेंदूच्या पोकळीत एक बारीक नळी बसवून ती कानामागून, मानेच्या आणि छातीच्या त्वचेखालून पोटापर्यंत नेतात. जादा पाणी पोटात उतरते आणि तिथे शोषले जाते. मध्ये एक झडप असते. ती दाब वाढल्यावरच उघडते. या झडपेमागे एका बापाची धडपड आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या जॉन होल्टर या तंत्रज्ञाचा मुलगा १९५५ मध्ये हा विकार घेऊन जन्मला. शल्यचिकित्सक यूजीन स्पिट्झ यांच्याबरोबर काम करीत त्याने सिलिकॉनची भरवशाची झडप तयार केली आणि १९५६ पासून ती वापरात आली.

झडप महाग असली की काम चांगले करते, असेही नाही. उत्तर प्रदेशातील शाहजहांपूर येथे तयार होणाऱ्या ‘छाब्रा शंट’ची तुलना युगांडातील मुलांमध्ये कित्येक पट महागड्या विदेशी शंटशी करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर दोहोंच्या परिणामात फरक आढळला नाही. खर्चाच्या चिंतेने शस्त्रक्रिया लांबवणाऱ्या कुटुंबांना हे सांगितले जायला हवे.

वाट अडल्यामुळे पाणी साचले असेल तर नळीविना दुसरा मार्ग निघतो. दुर्बिणीच्या साहाय्याने तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला नवी वाट करून दिली जाते. शरीरात कायमची वस्तू राहत नाही, हा याचा मोठा लाभ. मात्र ही पद्धत सर्वांनाच लागू पडत नाही आणि छिद्र पुन्हा बुजूही शकते.

आरंभी उल्लेखिलेल्या वृद्धांच्या विकाराचे नाव ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’. कोलंबियाचे सालोमोन हकीम यांनी बोगोटा येथे १९५७ मध्ये एका अपघातग्रस्त मुलावर उपचार करताना तो ओळखला. मेंदूतील दाब मोजला तर सामान्य, आणि तरीही थोडे पाणी काढताच मुलगा सुधारू लागला. १९६५ मध्ये हे निरीक्षण जगापुढे आले. आजही तपासणीची रीत तीच आहे. कमरेतून सुईने ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात आणि आधीची व नंतरची चाल ताडून पाहतात. ‘पाठीतून पाणी काढले की माणूस अधू होतो’ या समजापायी अनेक जण ही तपासणी टाळतात. त्या भीतीला आधार नाही. मात्र मेंदूत गाठ असेल किंवा वाट अडलेली असेल तर ती धोक्याची ठरू शकते, म्हणून आधी स्कॅन केला जातो.

वृद्धांमध्ये शंटचा उपयोग खरा की मनाचा समज, हा वादही बरीच वर्षे चालला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९९ रुग्णांना शंट बसवण्यात आले, पण सुमारे निम्म्यांची झडप जवळजवळ बंद ठेवण्यात आली. तीन महिन्यांनी झडप उघडी असलेल्यांचा चालण्याचा वेग स्पष्टपणे वाढलेला दिसला. स्मरणशक्तीत तसा ठळक फरक पडला नाही, आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते. डॉक्टरांशी बोलताना या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्मृती परत येईल या एकाच आशेने शस्त्रक्रिया करून घेतल्यास निराशा पदरी येते.

शंट बसवला की प्रकरण संपत नाही. मुलांमध्ये सुमारे ४० टक्के शंट पहिल्याच वर्षात बिघडतात. नळी तुंबते, सरकते किंवा तिला जंतुसंसर्ग होतो. डोकेदुखी, उलट्या, वाढती झोप किंवा नळीच्या मार्गावर लाली आणि सोबत ताप दिसला तर रात्र सरण्याची वाट न पाहता मेंदूची शस्त्रक्रिया होणारे रुग्णालय गाठावे. बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारी झडप असेल, तर एमआरआयपूर्वी तसे सांगावे आणि नंतर तिचा दाब पुन्हा तपासून घ्यावा. झडपेचा प्रकार आणि दाब लिहिलेले कार्ड रुग्णालयातून मागून घ्यावे व रुग्णाच्या खिशात ठेवावे.