पत्र्याचे मशीन घेताना

नांदेड-लातूरकडे उन्हाळ्याआधी कूलरचे आणि सुगीला धान्याच्या कोठ्यांचे काम निघते. घरीच पत्र्याचे काम सुरू करावे, असे पुष्कळ तरुणांना वाटते. आम्ही कापडाचे व्यापारी. पण आमच्या ओळखीच्या एका कारागिराने उसनवारी करून लांबलचक बेंडिंग मशीन आणले, त्यात जाड पत्रा घातला आणि पहिल्याच हंगामात मशीन वाकले. हप्ते चालूच राहिले. म्हणून हे चार शब्द.

कापडात आधी पन्हा पाहतात, तसा येथे आधी गेज पाहावा. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. 24 गेज सुमारे 0.56 मि.मी., तर 18 गेज सुमारे 1.2 मि.मी. जाडी दुप्पट झाली की वाकवायला चौपट जोर लागतो. मशीनची क्षमता बहुधा साध्या लोखंडी पत्र्याची सांगतात. स्टेनलेस स्टीलला ती कमी धरावी.

पेटी करायची तर वरचा जबडा सुट्या तुकड्यांचा हवा. अखंड जबड्याला आधी दुमडलेल्या बाजू आड येतात. गोल कोठीसाठी तीन रुळांचे रोलिंग मशीन लागते. त्याचा एक रूळ निघणारा असावा, नाहीतर गोल झालेला पत्रा बाहेर निघत नाही. पत्र्याची कड मशीनमध्ये सपाट राहते. ती आधी लाकडी हातोड्याने वळवून घ्यावी.

खरेदीला जाताना आपलाच पत्रा न्यावा आणि पूर्ण लांबीचा वाकवून पाहावा. टोकांना व मध्यभागी कोन सारखा आला, तरच बयाणा द्यावा.