माइल्स कुणाच्या नावावर?

लेकीकडे दुबईला नाहीतर मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या मैत्रिणींनो, एक विचारू? तुमच्या विमानप्रवासाचे माइल्स कुठे जमा झाले? 'ते ह्यांना ठाऊक' असे उत्तर असेल, तर बहुधा ते कुठेच जमा झालेले नाहीत. तिकिटाचे पैसे कुणीही भरोत, माइल्स पडतात ते प्रवास करणाऱ्याच्याच खात्यावर. म्हणून आधी स्वतःच्या नावाने सभासद व्हा. त्याला पैसे पडत नाहीत. मात्र नाव पासपोर्टवर आहे तसेच द्यायचे बरं का! पासपोर्टवर माहेरचे नि कार्डावर सासरचे झाले, की माइल्स अडकून बसतात. घरी आल्यावर बोर्डिंग पासही लगेच टाकू नका. माइल्स पडले नाहीत तर मागताना तोच पुरावा.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ही योजना काढली ती सतत उडणाऱ्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवायला. त्यामुळे हिशेब दोन असतात. एक माइल्सचा, ज्यातून तिकीट मिळते. दुसरा दर्जाचा, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड वगैरे. हा दर्जा ठरावीक मुदतीत भरपूर प्रवास केला तरच लाभतो, आणि तो टिकवायलाही पुन्हा उडावेच लागते. एमिरेट्समध्ये नुसत्या सिल्व्हरला २५,००० टियर माइल्स लागतात.

गोल्डचे सुख खरेच मोठे. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्या गटाचे गोल्ड कार्ड असले की साध्या वर्गाच्या तिकिटावरही लाउंजमध्ये बसता येते, सोबत एकाला नेता येते, आणि सामानही जास्त नेता येते. अमेरिकेच्या वाटेवर एक अख्खी बॅग जादा! लोणची, मेतकूट, बाळाची दुपटी सगळे मावेल. पण दोन वर्षांतून एकदा जाणारीने ह्या बॅगेपायी महागडे तिकीट काढू नये, असे मला तरी वाटते. जादा बॅगेचे पैसे भरलेले परवडतील. शिवाय दर्जाचा भरवसा काय? एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमाने थांबली, तेव्हा तिचे प्लॅटिनम कार्डवालेही साध्या रांगेत आले.

आपण बघायचे ते मुदत आणि एकत्र खाते. एमिरेट्स नि सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स साधारण तीन वर्षांनी बाद होतात. युनायटेड आणि डेल्टाच्या माइल्सना मुदत नाही. क्वचित जाणारीला हा फरक फार मोठा. उलट एमिरेट्समध्ये घरातल्या सगळ्यांचे माइल्स एका खात्यात घालता येतात. चौघांचे थोडेथोडे मिळून एखादे तिकीट निघते. (दर्जाचे माइल्स मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहतात.)

माइल्सवर तिकीट काढले तरी कर आणि इतर आकार बहुतेक ठिकाणी वेगळे भरावे लागतात, तेवढे पैसे बाजूला ठेवा. आणि लेकीच्या बाळंतपणाला जायचे असेल, तर सातव्या महिन्याची वाट न बघता चौकशी करा. माइल्सवर मिळणाऱ्या जागा एका विमानात मोजक्याच असतात.