आभासी संगणक आणि जुने मराठी लेखन
भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या खुर्सीपारसारख्या बहुभाषिक वस्तीत एखाद्या मंडळाची १९९० नंतरच्या दशकात संगणकावर जुळविलेली मराठी स्मरणिका आज उघडली, तर बहुधा रोमन चिन्हांची गर्दीच दिसेल. त्या काळचा मजकूर युनिकोडात नसून विशिष्ट टंकाच्या खासगी संकेतांत साठविला जाई. तो मूळ रूपात वाचण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आजच्या यंत्रात विंडोज ९८ आभासी रीतीने चालविणे. कल्पना नवी नव्हे. आयबीएमची व्हीएम/३७० प्रणाली १९७२ सालची.

अशा आज्ञावलीत वेग ही गौण बाब होय. खरी अडचण कुलपाची. अनेक जुनी अक्षरजुळणी-साधने संगणकाच्या पोर्टला लावावयाचे हार्डवेअर लॉक सापडल्याखेरीज सुरूच होत नसत. यास्तव ते पोर्ट आभासी यंत्रास दिसले पाहिजे. सी-डॅकचे जिस्ट कार्ड तर संगणकाच्या आत बसवावे लागे. त्याची नक्कल करणे अधिकच बिकट. विंडोज ९८ ची सुरक्षा-दुरुस्ती २००६ मध्ये थांबली असल्याने आभासी यंत्र इंटरनेटपासून तोडता यावे. तथापि फाइलींची देवाणघेवाण चालू राहावी. आणि आभासी डिस्कची रचना खुली हवी, नाहीतर जुन्या कुलपावर नवे कुलूप बसावयाचे.