विद्यार्थी स्वयंसेवी शिकवणी (महाराष्ट्र)

विद्यार्थी स्वयंसेवी शिकवणी म्हणजे महाविद्यालयीन किंवा वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी अल्प उत्पन्न गटातील व स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना शाळेच्या वेळेबाहेर, विनामोबदला दिलेले अध्यापन होय. खासगी शिकवणीचे शुल्क परवडत नाही आणि घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, अशा मुलांना वर्गातील इतरांच्या बरोबरीला आणणे हा तिचा उद्देश असतो. महाराष्ट्रात या प्रथेला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा इतिहास आहे.

इतिहास

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षकांनी १८४८ मध्ये 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. १८४९ मध्ये या संस्थेने पारशी व मराठी मुलींसाठी शाळा उघडल्या. त्यांत सभासद स्वतःचे काम सांभाळून सकाळच्या वेळी विनावेतन शिकवीत. दादाभाई नौरोजी व त्यांचे सहकारी घरोघर जाऊन पालकांची समजूत घालीत असत. मराठी मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांचा आश्रय लाभला.

स्वातंत्र्योत्तर काळात २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. प्रारंभी ती देशातील ३७ विद्यापीठांत राबवण्यात आली. योजनेतील स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा देणे अपेक्षित असते. दत्तक गावातील सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा दुसरा भाग आहे. साक्षरता व मुलांचा अभ्यास हे योजनेच्या नेहमीच्या कार्यक्षेत्रांत मोडतात.

शाहीन मिस्त्री यांनी १९९१ मध्ये मुंबईत 'आकांक्षा' ही संस्था स्थापन केली. त्या वेळी त्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत होत्या. कुलाबा परिसरातील पहिल्या केंद्रात १५ मुले होती आणि महाविद्यालयीन विद्यार्थी त्यांना शिकवीत. पुढे ही संस्था महापालिकांच्या भागीदारीत पूर्णवेळ शाळा चालवू लागली.

स्थलांतर आणि रायगड जिल्हा

रोहा तालुक्यातील नागोठणे हे अंबा नदीकाठचे गाव मुंबई–गोवा महामार्गावर आहे. येथील पेट्रोरसायन संकुलामुळे आणि परिसरातील उद्योगांमुळे परप्रांतीय कामगार कुटुंबे या पट्ट्यात येत राहिली आहेत. दुसरीकडे, पेण, रोहा व लगतच्या तालुक्यांतील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवरील मजुरीसाठी हंगामी स्थलांतर करतात. त्यामुळे बाहेरून आलेले मूल आणि बाहेर जाणारे मूल असे दोन्ही प्रश्न या भागात एकत्र दिसतात.

वीटभट्टीचा हंगाम साधारणपणे दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी संपतो. शाळेचे दुसरे सत्रही दिवाळीनंतरच सुरू होते. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कुटुंब गाव सोडते, तेव्हा मुलाचे जवळजवळ संपूर्ण दुसरे सत्र बुडते. जूनमध्ये परतल्यावर ते पुढच्या इयत्तेत बसते, परंतु मागील इयत्तेचा निम्मा भाग त्याने शिकलेला नसतो. भाषेची अडचण याहून वेगळी आहे. कातकरी मुलांची घरची बोली व हिंदी भाषक कामगारांच्या मुलांची भाषा पाठ्यपुस्तकातील मराठीपेक्षा भिन्न असते.

वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर 'विधायक संसद' या संस्थेने १९९० च्या दशकात 'भोंगाशाळा' सुरू केल्या. मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. शाळा मुलांच्या मुक्कामी नेणे हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होते.

कायदेशीर चौकट

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण देणे कलम ४ नुसार बंधनकारक आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणे हे कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कलम २८ अन्वये शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी कार्ड या उपाययोजनाही आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विद्यार्थ्यांनी एकमेकांना शिकवण्यास व समाजातील स्वयंसेवकांच्या सहभागास प्रोत्साहन देण्यात आले आहे.

परिणामकारकता

या संदर्भात 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाचा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत, मूलभूत वाचन व गणितात मागे पडलेल्या १५ ते २० मुलांच्या गटाला वस्तीतीलच शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास शिकवीत असे. बालसखी विद्यार्थी नव्हत्या व त्यांना मानधन मिळे, तथापि त्या प्रशिक्षित शिक्षिकाही नव्हत्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या चाचणीतील गुणांत स्पष्ट वाढ झाली आणि तिचा लाभ प्रामुख्याने मागे पडलेल्या मुलांना झाला. मात्र उपक्रम संपल्यानंतर वर्षभरात या लाभाचा बराच भाग ओसरला. इयत्तेऐवजी मुलाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार गट करणे आणि शिकवण्यात खंड न पडू देणे, या दोन बाबींचे महत्त्व त्यावरून स्पष्ट होते.

मर्यादा व टीका

विद्यार्थी स्वयंसेवकांच्या स्वतःच्या परीक्षा व सुट्ट्या यांमुळे शिकवणीत खंड पडतो. दरवर्षी स्वयंसेवक बदलल्याने मुलांशी जुळलेले नातेही तुटते. कोणते मूल कोठपर्यंत आले याची लेखी नोंद ठेवून ती पुढच्या स्वयंसेवकाकडे सोपवणे आणि स्थानिक तरुणांना सहभागी करून घेणे, हे त्यावरील उपाय होत. मूल भट्टीवर गेले तर गावातील शिकवणीचा त्याला उपयोग होत नाही. त्यामुळे शिकवणी मुलाच्या मुक्कामी पोहोचणे किंवा मुलाची गावातच राहण्याची सोय होणे आवश्यक ठरते.

स्वयंसेवेमुळे शासनाची जबाबदारी झाकली जाते, असाही आक्षेप घेतला जातो. शिक्षण हा संविधानाच्या कलम २१-क नुसार मूलभूत हक्क असल्याने तो स्वयंसेवकांच्या उपलब्धतेवर अवलंबून राहू नये, असे या आक्षेपामागील प्रतिपादन आहे. याउलट, शाळेतील शिक्षकाशी समन्वय राखणारी शिकवणी ही शाळेला पूरक ठरते, पर्याय नव्हे, असे समर्थक मानतात.

हे सुद्धा पहा

राष्ट्रीय सेवा योजना
शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९
कातकरी
नागोठणे
साखरशाळा