परदेशी शिक्षण, खर्चाचा भार आणि परतीचा बेत

उच्च शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी पदवीनंतर तेथेच का स्थायिक होतो, या प्रश्नाची चर्चा बहुधा देशप्रेम आणि सुखासीनता या दोन शब्दांभोवतीच फिरत राहते. वस्तुतः त्याच्या शिक्षणाचा खर्च कोण करतो, हे पाहिल्यास त्याच्या बेताचा अधिक उलगडा होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. येथे पैशाबरोबरच परतीची अट आली होती.

आज चित्र उलट आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांतील निम्म्याहून अधिक पदव्युत्तर वर्गांतील. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास बहुधा विद्यापीठाकडून वेतन मिळते; एम.एस.च्या विद्यार्थ्यास क्वचितच. मध्यमवर्गीय कुटुंबातील विद्यार्थी मग शैक्षणिक कर्ज काढतो आणि मोठ्या कर्जासाठी अनेकदा वडिलांचे राहते घर तारण पडते. भारतातील नवख्या पदवीधराच्या पगारातून असे कर्ज फेडणे दुरापास्त असते. त्यामुळे ‘काही वर्षे तेथे नोकरी’ हा त्याच्या दृष्टीने परतफेडीचा हिशेब असतो, स्थलांतराचा निर्णय नव्हे. सधन घरातील विद्यार्थ्यावर ही सक्ती नसते. परतण्याचे स्वातंत्र्य, काहीसे विपरीत वाटले तरी, त्यालाच अधिक असते.

विद्यार्थी व्हिसा मिळवताना मायदेशी परतण्याचा हेतू अधिकाऱ्यास पटवून द्यावा लागतो. साहजिकच अशा वेळी व्यक्त झालेला हेतू अभ्यासकाने जपूनच वापरावा. पदवीनंतर १२ महिने काम करण्याची मुभा असते. विज्ञान व तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना २०१६ पासून आणखी २४ महिने मिळू लागले. विषयाची निवड केवळ आवडीने होत नाही, याचे हे एक कारण. पुढे एच-१बी व्हिसासाठी ८५,००० ची वार्षिक मर्यादा आहे. त्यानंतर येते ग्रीन कार्ड. १९९० च्या कायद्याने कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांचा वाटा साधारणतः ७ टक्क्यांवर सीमित केल्यामुळे भारतीयांची प्रतीक्षा दशकाहून अधिक लांबते. तोवर कर्ज फिटलेले असते, मुले तेथील शाळेत रुळलेली असतात आणि दोन-चार वर्षांसाठी गेलेला मनुष्य, कायमचे राहण्याचा निर्णय कधीही न घेता, तेथलाच झालेला असतो.