अंश विज्ञानाचे, दर कोणाचा?

वातावरणात सोडलेल्या एक टन कर्बवायूमुळे किती रकमेचे नुकसान होते? या एकाच प्रश्नाला अमेरिकेच्या शासनयंत्रणेने पंधरा वर्षांच्या आत चार निरनिराळी उत्तरे दिली. २०१० मध्ये ते उत्तर सुमारे २१ डॉलर होते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दीत ते १ ते ७ डॉलरपर्यंत घसरले. २०२१ मध्ये ५१ डॉलरवर गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये १९० डॉलरवर पोहोचले. जानेवारी २०२५ मध्ये तर हा हिशेब पाहणारी आंतरविभागीय समितीच बरखास्त करण्यात आली. डॉलरच्या घटत्या मूल्याने या तफावतीचा उलगडा होत नाही.

हा इतिहास वाचून एखादा सुज्ञ माणूसही म्हणेल की, हवामानाची संगणकीय प्रतिमाने म्हणजे पंचांगातील पर्जन्यफल. मानले तर खरे! परंतु हा निष्कर्ष घाईचा ठरेल. कारण या काळात इतका हेलकावे खात राहिला, तो हवामानशास्त्राचा आकडा नव्हेच.

हवामानाचे प्रतिमान रचताना वातावरण व महासागर यांचे असंख्य काल्पनिक चौकोनी ठोकळ्यांत विभाजन केले जाते. अशा एका ठोकळ्याची बाजू बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास असते. प्रत्येक ठोकळ्यातील उष्णता, आर्द्रता व वारा यांचा हिशेब भौतिकशास्त्राच्या नियमांनी मांडून संगणक तो क्षणाक्षणाने पुढे नेतो. ढग मात्र या ठोकळ्यांहून लहान. त्यांच्यासाठी निरीक्षणांवर आधारलेले ठोकताळे वापरावे लागतात. प्रतिमानातील अनिश्चिततेचा मोठा वाटा येथेच आहे. २०५० सालच्या १० जूनला मुंबईत पाऊस पडेल काय, हे असे प्रतिमान सांगत नाही, सांगू पाहतही नाही. दीर्घकालीन सरासरी कोणत्या दिशेने सरकेल, एवढेच ते सांगते.

या मर्यादेत त्याची कामगिरी उपेक्षणीय खासच नाही. स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये अगदी साध्या प्रतिमानावरून असे गणित मांडले की, हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान सुमारे २.३ अंश सेल्सिअसने वाढेल. १९७९ मध्ये जूल चार्नी यांच्या समितीने ही वाढ १.५ ते ४.५ अंश असेल असे म्हटले. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने ती २.५ ते ४ अंश, आणि सर्वांत संभाव्य आकडा ३ अंश, असा निर्वाळा दिला. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा पृथ्वी तात्पुरती सुमारे अर्ध्या अंशाने थंड होईल, असे भाकीत जेम्स हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच प्रसिद्ध केले. पुढील वर्षी अनुभव जवळजवळ तसाच आला.

मग डॉलरचा आकडा का बदलतो? तो दुसऱ्याच प्रकारच्या प्रतिमानातून येतो. विल्यम नॉर्डहाउस यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी तापमानवाढीला उत्पन्नातील घटीची जोड दिली. त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिकही लाभले. या हिशेबात कळीचा असतो तो वटावाचा दर. शंभर वर्षांनंतर होणारे शंभर रुपयांचे नुकसान आज केवढे मानावयाचे? दर ७ टक्के धरला तर अवघे बारा पैसे. ३ टक्के धरला तर सुमारे सव्वापाच रुपये. २ टक्क्यांना पावणेचौदा रुपये. निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या ब्रिटिश अहवालात सुमारे १.४ टक्के दर घेतला. त्या दराने ते होतात पंचवीस रुपये. नातवंडांच्या वाट्याला बारा पैशांचे महत्त्व द्यावयाचे की पंचवीस रुपयांचे, हे कोणताही संगणक ठरवू शकत नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

२०१७ नंतर अमेरिकेत ७ टक्क्यांच्या दराला पुन्हा स्थान मिळाले. शिवाय केवळ अमेरिकेत होणारे नुकसानच मोजण्यात आले. म्हणजे तेथील धुरामुळे मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे अथवा बांगलादेशातील किनाऱ्यावरच्या कुटुंबाचे जे नुकसान होईल, त्याची किंमत शून्य! उलट २०२३ चा १९० डॉलरचा आकडा जगाचे नुकसान जमेस धरणारा, २ टक्के दराचा व नुकसानीच्या नव्या पुराव्यांवर आधारलेला होता. दोन्ही आकडे छापील कागदावर सारखेच शास्त्रीय दिसतात, ही यातील खरी अडचण होय.

म्हणूनच प्रतिमानांवर डोळे झाकून विश्वास ठेवणे जितके चूक, तितकेच ती सरसकट धुडकावणेही चूक. ‘संगणकाने सांगितले’ या सबबीखाली राज्यकर्ते आपली मूल्ये दडवू शकतात. आणि ‘अंदाज तो, चुकणारच’ या सबबीखाली निर्णय लांबणीवरही टाकू शकतात. लांबणीवर टाकणे हाही एक निर्णयच असतो. त्याची किंमत मात्र ज्यांना मताधिकार नाही अशांना, अजून न जन्मलेल्यांना, मोजावी लागते. असा आकडा पुढे आला की नागरिकाने तीन प्रश्न विचारावेत: यातील निरीक्षण किती व गृहीत किती? भविष्याला कोणता दर लावला आहे? आणि कोणाचे नुकसान हिशेबातून वगळले आहे? या प्रश्नांची उत्तरे समजण्यास उच्च गणित लागत नाही. चक्रवाढ व्याजाचे शालेय ज्ञान पुरेसे आहे.