ऊन, ऊस आणि आकडेमोड: कोल्हापूरचं भन्नाट विज्ञान

१० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत दिवस किती? ४१. आणि २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत? ४२. या दोन आकड्यांत अंबाबाईच्या किरणोत्सवाचं सगळं गणित दडलंय!

मावळतीचा नेम

मंदिर पश्चिमाभिमुख. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा हा सोहळा. तारखा दोनच का? सूर्य २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकाला पोचतो आणि मागे फिरतो. जाताना तो ज्या जागी मावळतो, येताना पुन्हा त्याच जागी मावळतो. म्हणून दोन्ही किरणोत्सव त्या टोकापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर पडतात.

आता याहून गमतीची गोष्ट. किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो. कोल्हापूर आहे उत्तरेला १६.७ अंशांवर. मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी कोल्हापूरच्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली गायब होते. म्हणजे शून्य सावलीचे दिवस आणि किरणोत्सवाचे दिवस वर्षाच्या चक्रात जवळपास समोरासमोर बसतात! हा योगायोग असेल, पण कागद-पेन्सिल घेऊन पडताळून बघण्यासारखा आहे. शहरातले प्राध्यापक किरणोत्सवात किरणांची तीव्रता मोजतात. उंच इमारती आणि हवेतली धूळ यांनी किरणांची वाट अडवली की तीव्रतेचा आकडा ते लगेच सांगतो.

मामा-भाचे, बक्षीस एकच

वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म कोल्हापुरात, १९१९ साली. त्यांचे भाचे जयंत नारळीकर, जन्म कोल्हापुरातच, १९ जुलै १९३८. गणितज्ञ वडील विष्णु वासुदेव नारळीकरही कोल्हापूरचेच, जन्म १९०८. केंब्रिजचं मानाचं ॲडम्स पारितोषिक मामांना १९६० मध्ये मिळालं आणि भाच्याला १९६७ मध्ये. एका घरात दोन ॲडम्स, नाद खुळा!

भाच्याचं विश्वविज्ञान सगळ्यांना ठाऊक. मामांच्या कामाची ओळख मात्र कमी जणांना आहे. हाती आलेल्या आकड्यांवरून खऱ्या संख्येचा अंदाज बांधताना समीकरणाला कधी कधी अनेक उत्तरं निघतात. त्यातलं खरं कोणतं धरायचं? हुजूरबाजारांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की आकडेवारी वाढत गेली की सत्याकडे नेणारं उत्तर एकच उरतं. केंब्रिजमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते हॅरल्ड जेफ्रीज, म्हणजे पृथ्वीचा गाभा द्रवरूप असल्याचं १९२६ मध्ये मांडणारे गृहस्थ. पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग हुजूरबाजारांनीच उभा केला. कोल्हापूरच्या शाळांत त्यांचं नाव नारळीकरांइतक्याच अभिमानानं घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

चार बीकर, एक काच

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. तिथल्या पदार्थविज्ञान विभागानं नाव कमावलं ते 'थिन फिल्म' म्हणजे काचेवर चढवलेल्या अतिपातळ थरांवर. असे थर देण्यासाठी अनेक ठिकाणी निर्वात पंपांची महागडी यंत्रं लागतात. इथली एक लाडकी पद्धत मात्र चार बीकरमध्ये होते. पहिल्यात कॅडमियमच्या क्षाराचं द्रावण, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात सल्फाइडचं द्रावण, चौथ्यात पुन्हा पाणी. काचेची पट्टी क्रमानं बुडवायची, धुवायची, बुडवायची, धुवायची. दर फेरीला थर किंचित जाड होतो आणि पारदर्शक काच हळूहळू पिवळी होत जाते. तो पिवळा थर म्हणजे कॅडमियम सल्फाइड, सौरघटातला एक महत्त्वाचा पदार्थ. ही 'सिलार' पद्धत फ्रान्समध्ये १९८५ साली निकोलाऊ यांनी मांडली. कोल्हापूरच्या संशोधकांनी ती कितीतरी पदार्थांवर चालवून दाखवली.

यातलं मोठं नाव चंद्रकांत लोखंडे. अशा रासायनिक पद्धतींचा आढावा घेणारा माने आणि लोखंडे यांचा २००० सालचा लेख जगभरातल्या संशोधकांनी हजाराहून जास्त वेळा संदर्भासाठी वापरला आहे. लोखंडे सरांनी नंतर कोल्हापुरातल्याच डी. वाय. पाटील विद्यापीठात संशोधन सुरू ठेवलं. त्यांचा दुसरा आवडता विषय सुपरकपॅसिटर, म्हणजे काही सेकंदांत चार्ज होणारं वीज साठवण्याचं साधन. प्रमोद पाटील यांचा हातखंडा निराळा: तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा, की थर तयार! त्यातला टंगस्टन ऑक्साइडचा थर तर जादूच करतो. थोडा विद्युतदाब दिला की काच निळी, उलटा दिला की पुन्हा स्वच्छ. खिडकीलाच असा थर असेल तर भर उन्हात पडदा ओढायची गरज नाही.

साधनं साधी म्हणून विज्ञान दुय्यम, ही समजूत या विभागानं खोडून काढली आहे.

बर्गे घाला, बर्गे काढा

महाराष्ट्रभर दिसणारा 'केटी वेअर' म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यात त्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असतात, त्यामुळे पूर आणि गाळ दोन्ही निघून जातात. पाऊस ओसरला की बर्गे घालायचे आणि नदीचं पाणी अडवायचं. धरण गाळानं भरतं ही जगभरची डोकेदुखी. इथं तिच्यावर साध्या फळ्यांचा उपाय आहे.

राधानगरी धरणाचं तर विचारूच नका. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ठरावीक रेषेला पोचली की पाण्याच्याच दाबानं ते उघडतात. प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, आणि पावसाळ्यात 'राधानगरीचे किती दरवाजे उघडले?' हा पंचगंगाकाठचा पहिला प्रश्न असतो.

हिरडा तोंड का आवळतो?

कारण त्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं नेमकं याच रसायनावर टिकतं! बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरवलं की टॅनिन कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधतं आणि कातडं कुजत नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून.

उसाची कुंडली

बहुतेक झाडं हवेतला कार्बन पकडून आधी तीन कार्बनचा रेणू बनवतात. ऊस चार कार्बनचा बनवतो. हवाईतल्या कॉर्टशाक यांना हे उसातच दिसलं आणि १९६६ मध्ये ब्रिस्बेनमध्ये हॅच आणि स्लॅक यांनी त्याचा मार्ग उलगडला. मका आणि ज्वारीही याच वाटेनं जातात, म्हणून कडक उन्हात ही पिकं जोमानं वाढतात. म्हणजे शाळूची भाकरी आणि गुळाचा खडा एकाच पंथातले!

शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या '८६०३२' चा अर्थ माहितीय? 'को' म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल. उसात शंभराहून जास्त गुणसूत्रं असतात, माणसात ४६. त्याचा जनुकीय पसारा माणसाच्या तिपटीहून मोठा आणि इतका गुंतागुंतीचा, की लागवडीच्या उसाचा दर्जेदार नकाशा २०२४ मध्ये कुठे प्रसिद्ध झाला.

थर्मामीटरविना ११८ अंश

गुऱ्हाळातला गुळव्या उकळत्या काहिलीतून थोडा पाक काढून थंड पाण्यात सोडतो आणि बोटांनी चाचपतो. गोळी जमली की काहील उतरवायची. त्या वेळी पाक ११६ ते ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. साधं पाणी शंभरच्या आसपास उकळतं, पण रसातलं पाणी उडून साखर दाटत जाते तसा उकळबिंदू वर चढतो. लवकर उतरवला तर गूळ मऊ पडून पाझरतो, उशीर झाला तर करपट लागतो. जगभरचे मिठाईवाले पाकाची पारख अशीच करतात.

त्याआधीची कामंही शास्त्रशुद्ध. चुन्याच्या निवळीनं रसाचं आम्ल उतरतं आणि साखर फुटणं कमी होतं. रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस बारीक गाळाला धरून वर आणतो, मग मळी झाऱ्यानं काढून टाकायची. खाली जळण म्हणून त्याच उसाचं वाळलेलं चिपाड. एक टन उसातून १०० ते १२० किलो गूळ निघतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहे, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

एवढं सगळं विज्ञान पणाला लागल्यावर काही जण रंग उजळण्यासाठी त्यात हायड्रॉस पावडर टाकतात, आणि तेही गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ मागतं म्हणून. तेव्हा पुढच्या वेळी गूळ घेताना रंगाला भुलू नका. गडद तांबूस रवा मागा आणि रसायनविरहित आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्या.